आजचं चिंतन : पाऊस हवा म्हणून पशू मारायचा? (गीता १३.७ आणि ज्ञानेश्वरी)



आजचं वाचन आहे भगवद्गीतेचा तेरावा अध्याय, श्लोक सातवा, आणि त्यावरची ज्ञानेश्वरी. (काही प्रतींत हाच श्लोक आठवा धरलेला असतो. क्रमांकावरून गोंधळू नका, ज्ञानाची लक्षणं जिथून सुरू होतात तोच हा श्लोक.) भगवंत इथे अर्जुनाला ज्ञानी माणूस ओळखायचा कसा ते सांगतात. पहिलं लक्षण मानाची हाव नसणं, दुसरं दंभ नसणं, तिसरं अहिंसा. आज आपण तिसऱ्यावर थांबणार आहोत. पण पहिली दोन लक्षणं तिच्या आधी का आली असतील, हा प्रश्न मनात ठेवा. त्याच्याकडे परत यायचंच आहे.

श्लोकात अहिंसेला एकच शब्द मिळाला आहे. माउलींनी त्या एका शब्दावर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशात पूर्ण झालेल्या या ग्रंथात इतका वेळ त्यांनी फार थोड्या शब्दांना दिला आहे. आणि गंमत म्हणजे सुरुवात ते अहिंसेच्या कौतुकाने करत नाहीत. आधी ते अहिंसेच्या नावाखाली चालणाऱ्या हिंसेची यादी काढतात, आणि तीही हसत हसत.

त्यातला पहिलाच दाखला आपल्या सोलापूरकरांना थेट लागू पडणारा आहे. पाऊस पडत नाही, जीव तळमळतात, म्हणून पाऊस यावा यासाठी यज्ञ करतात. त्याला पर्जन्येष्टी म्हणतात. हेतू काय, तर जिवांना वाचवणं. आणि त्या यज्ञाच्या मुळाशी काय, तर पशूचा बळी. माउली विचारतात, अरे, पेरणीच हिंसेची केलीत, मग पीक अहिंसेचं कसं येईल? या दाखल्याच्या आगेमागे त्यांची दृष्टान्तांची सरबत्ती चालते. झाडाला कुंपण करायचं म्हणून त्याच झाडाच्या फांद्या तोडणं. भूक भागवायची म्हणून स्वतःचाच हात तोडून शिजवणं. गोठा बांधायला पैसे हवेत म्हणून बैल विकून टाकणं. (गोठा छान झाला, पण आता बांधायचं कुणाला?)

मला हा भाग वाचताना दरवेळी आजची बातमी वाचल्यासारखं वाटतं. पर्जन्येष्टीत पशू मारल्याने पाऊस येतो की नाही, यावर त्या काळी वाद झाले असतील. आज उलट बाजूने एक गोष्ट मात्र मोजून सिद्ध झाली आहे. माणसाने खाण्यासाठी पोसलेल्या जनावरांची संख्या आणि पावसाचं बिघडलेलं वेळापत्रक यांचा संबंध आहे. तो एकमेव नाही, सगळ्यात मोठाही नाही. कोळसा आणि पेट्रोल-डिझेलचा वाटा बराच जास्त आहे. पण संबंध आहे आणि तो लहान नाही.

कसा, ते थोडक्यात बघू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्म जीव चारा आंबवतात, आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. तो मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरतो, वीस वर्षांच्या हिशोबाने ८० पटीच्या आसपास. पण तो हवेत साधारण बाराच वर्षं टिकतो. म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्याच आयुष्यात दिसतो, नातवंडांची वाट बघावी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली माणसामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा १४.५ टक्के मांडला होता. २०२३ च्या त्यांच्या नव्या मोजणीत तो सुमारे १२ टक्के आला. दोन्हीतला कोणताही आकडा घ्या, एवढा भाग एका ताटाशी जोडलेला आहे.

दुसरी बाजू जमिनीची. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पूर आणि नेमेचेक या दोन संशोधकांनी जगभरातल्या सुमारे ३८,००० शेतांची माहिती एकत्र मांडली. मांस, दूध, अंडी आणि मासेपालन यांसाठी जगातली सुमारे ८३ टक्के शेतजमीन (कुरणं धरून) लागते, आणि त्यातून माणसाला मिळतात १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं. शंभर ग्रॅम प्रथिनं मिळवायला किती वायू हवेत जातो याची त्यांची जागतिक सरासरी अशी: गोमांसाच्या जनावरांचं ५० किलो, मेंढी-बकरीचं २० किलो, चीजचं ११, कोंबडीचं ६ च्या जवळपास, अंड्याचं ४, आणि डाळी-कडधान्यांचं एक किलोपेक्षाही कमी.

थांबा. हे आकडे वाचून ज्यांच्या बोटांना लगेच कुठल्या तरी ग्रुपवर फॉरवर्ड करायची खाज सुटली असेल, त्यांनी आधी पहिलं लक्षण परत वाचावं. मानाची हाव नसणं. हे आकडे दुसऱ्या कुणाच्या ताटावर मारायला दगड म्हणून दिलेले नाहीत. यातला मोठा भाग अमेरिका, युरोप, ब्राझील अशा ठिकाणचा आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला शंभर किलोहून जास्त मांस खाल्लं जातं. आपल्याकडे तो आकडा काही किलोंचा आहे. महिन्यातून दोनदा मटण खाणाऱ्या विडी कामगार बाईला हवामानाचं पाप सांगणं म्हणजे शुद्ध दंभ.

आणि इथल्या बकरीचा हिशोबही वेगळा आहे. सांगोला, जत, माणच्या माळावर धनगर बांधवांच्या शेळ्या-मेंढ्या जे खातात ते आपण खाऊ शकत नाही, आणि त्या जमिनीवर दुसरं काही नीट पिकतही नाही. उलट ब्रॉयलर कोंबडी काय खाते? मका आणि सोयाबीनची पेंड. म्हणजे शेतातलं उभं पीक. सरासरीत बकरीचा आकडा कोंबडीपेक्षा मोठा दिसतो, मिथेनमुळे तो खराही आहे. पण माणसाच्या तोंडचं धान्य कोण खातं, असा प्रश्न विचारला की उत्तर बदलतं. माउलींना अशी सोपी उत्तरं मान्यच नव्हती, म्हणून तर त्यांनी एवढ्या ओव्या लिहिल्या!

आता आपण मंगळवेढ्याला जाऊ. आजच्या विषयाला याहून चांगलं गाव महाराष्ट्रात सापडणार नाही.

सोलापूरहून तास-सव्वातासाच्या अंतरावरचं हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, संत आणि ज्वारी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही रब्बीची ज्वारी. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या खोल जमिनीत पेरायची, आणि मग जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती थंडीत वाढते. वेगळं पाणी द्यायची फारशी गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, फेब्रुवारी-मार्चात काढणी. दाणा माणसाला, कडबा जनावराला. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, जिथे टँकरची वाट बघत घागरी रांगेत लागतात, तिथे हे पीक म्हणजे देवाने पाठवलेलं पत्रच समजा. सोलापुरात रब्बी ज्वारीवर संशोधन करणारं भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र आहे, ते उगीच नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ज्वारी ‘सुपरफूड’ म्हणून आली. आपल्या आज्ज्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तव्यावरची भाकरी उलटत नुसतं हसून घेतलं असतं.

याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत. पंधराव्या शतकात बिदरच्या बादशहाचे अधिकारी, आणि त्यांच्या ताब्यात सरकारी धान्याची कोठारं. दुष्काळ पडला, दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून लोकांनी त्याची आठवण ठेवली. माणसं दारात येऊन कोसळू लागली, तेव्हा दामाजींनी बादशहाला न विचारता कोठारं उघडली. पकडून नेण्याचा हुकूम निघाला. आणि कथा सांगते की धान्याची सगळी किंमत भरायला खुद्द पंढरीनाथ बिदरच्या दरबारात गेला. कुठल्या रूपात? विठू महाराच्या. राजाच्या नाही, पुरोहिताच्याही नाही. गावकुसाबाहेर ज्याला ठेवलं होतं त्याच्या रूपात देव गेला.

धान्य कुणासाठी, हा दामाजींसमोरचा प्रश्न आजही तसाच उभा आहे. फक्त कोठाराची जागा बदलली आहे. जगात पिकणाऱ्या धान्याचा मोठा भाग थेट जनावरांच्या खाद्यात जातो. मका पक्ष्याच्या पोटातून फिरून ताटात येतो तोवर त्यातले बरेचसे उष्मांक त्या पक्ष्याला जगवण्यातच खर्च झालेले असतात. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. घरात त्या पिढीचं कुणी असेल तर त्यांना विचारा ‘अन्न म्हणजे काय?’ ते जे सांगतील ते कुठल्याही प्रवचनापेक्षा सरस असेल.

आणि चोखोबाही मंगळवेढ्याचेच. १३३८ साली गावाच्या कुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या. महाद्वारात, नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे. हे इथे मुद्दाम सांगतोय. शाकाहाराची गोष्ट निघाली की आपल्याकडे पटकन ‘आम्ही शुद्ध, ते अशुद्ध’ सुरू होतं. कुणाला भाड्याने घर मिळत नाही, कुणाचा डबा ऑफिसात वेगळ्या टेबलावर जातो. ज्या परंपरेत चोखोबांची समाधी महाद्वारात आहे, त्या परंपरेच्या माणसाला असलं शाकाहारीपण शोभत नाही. म्हणून अमानित्व आधी, अदंभित्व नंतर, आणि मग अहिंसा. क्रम उलटा केला की शाकाहार हे नवं जानवं होऊन बसतं.

बरं, इथवर वाचून जन्मापासून शाकाहारी असलेले भक्त खूश झाले असतील, तर आता त्यांच्याकडे वळू. वरच्या यादीत चीजचा आकडा किती होता? ११. कोंबडीच्या जवळजवळ दुप्पट. चीजच्या जागी आपल्याकडे पनीर ठेवा. एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं. भारत जगातला सगळ्यात मोठा दूध उत्पादक देश आहे आणि २०१९ च्या पशुगणनेत आपल्याकडे सुमारे ३० कोटी गायी-म्हशी होत्या. रवंथ सगळ्याच करतात, शाकाहारी घरातली म्हैस मिथेन सोडत नाही असं काही नाही. त्यात दर जनावरामागे दूध कमी, म्हणून तेवढ्याच दुधासाठी जनावरं जास्त.

आणि वायू बाजूला ठेवला तरी अहिंसेचा प्रश्न उरतोच. गाय दूध देते ते वासरू झालं म्हणून. कालवड असेल तर ठीक. गोऱ्हा असेल तर? ट्रॅक्टर आल्यावर बैलाला काम उरलं नाही. आणि आटलेली, भाकड झालेली म्हैस कुठे जाते? शेतकऱ्याला दोष देऊ नका. चाऱ्याचा भाव बघता भाकड जनावर पोसणं त्याला परवडत नाही. दोष असलाच तर रोज पनीर टिक्का, वर चीज, वर मलई मागवणाऱ्या आपल्या जिभेचा. ‘गोठा बांधायला बैल विकला’ हा माउलींचा विनोद इथे टोचतो.

दूध सोडा असं मी म्हणत नाही. वाटीभर दही, ताकाचा पेला, पूजेचं चमचाभर पंचामृत यांनी जग बुडणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी दूध जपून वापरायची वस्तू होती: मुलांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला. रोज अर्धा किलो पनीर ही परंपरा नाही, हॉटेलच्या मेन्यूकार्डाची देणगी आहे. अभिषेकाच्या दुधाचंही तसंच. पळीभराने देव प्रसन्न होतो, बाकीचं दूध एखाद्या पोराच्या पोटात जाऊ द्या. नवव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःची यादी दिली आहे. पान, फूल, फळ, पाणी. दुधाचा कॅन त्यात नाही.

आता प्रकृतीचं बघू, कारण सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचं वर्णन करताना भगवंत सुरुवातच आयुष्य, बळ, आरोग्य यांपासून करतात. ‘मी शाकाहारी, म्हणजे निरोगी’ असं त्यात कुठेही नाही.

मांसाबद्दल जे पक्कं आहे ते एवढं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी, बेकन असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाचं निश्चित कारण म्हणून वर्गीकृत केलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. साधं लाल मांस ‘बहुधा कारणीभूत’ या गटात आहे. दुसरीकडे ब्रिटनमध्ये सुमारे ४८,००० लोकांना अठरा वर्षं बघितलेल्या अभ्यासात (२०१९) शाकाहारी लोकांमध्ये हृदयविकार २२ टक्के कमी आढळला, पण पक्षाघाताचं प्रमाण २० टक्के जास्त निघालं. म्हणजे ताटातून काहीतरी काढलं की काम झालं असं नाही, त्या जागी काय आलं ते महत्त्वाचं.

आणि आपल्या ताटात काय येतं? खरं सांगा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, वर राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी वऱ्याचा भात. म्हणायला उपवास, खरं तर पिठूळपणाचा महोत्सव. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिन नावालाच. ज्यांच्या घरात मधुमेह आहे (आणि आजकाल कुणाच्या घरात नाही?) त्यांना ही एकादशी महाग पडते. सहाव्या अध्यायातला युक्त आहार, म्हणजे अतीही नाही आणि उपाशीही नाही, तो या उपवासाला लावून बघा. फळं, शेंगदाणे, ताक, राजगिऱ्याची भाकरी, रताळं एवढ्यावर उत्तम एकादशी होते.

रोजच्या दिवसाचा हिशोब मात्र सोपा आहे, आणि तो आपल्याच गावच्या अन्नात बसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. आता मोजा. दिवसभरात तीन भाकरी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, २० ग्रॅम प्रथिनं. दोन वेळचं घट्ट वरण मिळून १५-१६. एक वाटी मटकीची उसळ, ९ च्या आसपास. शेंगाची चटणी दोन चमचे भरून, ५. झाले पन्नास. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, डाळीत आणि कडधान्यात तो भरपूर असतो, म्हणून भाकरी आणि वरण-उसळ एकत्र आली की दोघींची उणीव भरून निघते. हुलग्याचं माडगं, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, कडक भाकरी-चटणी. आपल्या स्वयंपाकघराने हे गणित कधीच सोडवून ठेवलंय. पुण्यात रूमवर राहणाऱ्यांनी निदान भिजवलेली मटकी आणि भाजलेले शेंगदाणे एवढं तरी जवळ ठेवा. प्रथिनांच्या पावडरीचा डबा नंतर बघू.

एका बाबतीत मात्र आपलं ताट अपुरं आहे, आणि इथे श्रद्धेने काम भागत नाही. व्हिटॅमिन बी-१२. ते वनस्पतींत मिळत नाही. दुधा-दह्यात थोडं असतं, मांस, मासे, अंडी यांत जास्त. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं याच विषयावर काम करून दाखवून दिलं की आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, बी-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे, आणि गरोदर आईतली कमतरता बाळाच्या पुढच्या प्रकृतीशी कशी जोडलेली आहे. हातापायाला मुंग्या येणं, सतत थकवा, विसराळूपणा, रक्त कमी असणं ही लक्षणं अंगावर काढू नका. रक्ताची साधी तपासणी असते, गोळ्या स्वस्त असतात. ज्यांनी दूधही सोडलंय त्यांना तर गोळीशिवाय मार्गच नाही. लहान मुलं, गरोदर बाई, रक्तक्षय असलेली मुलगी यांच्या ताटातून अंडं किंवा मासा काढायचा निर्णय घरातल्या नव्या माळकऱ्याने घेऊ नये, डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. आयुर्वेदातही एका जिवासाठी दुसऱ्या जिवांना किती त्रास दिला जातो हे माउली दाखवतात. पण काहीजण धान्याला त्रास नको म्हणून जेवतच नाहीत आणि प्राण कासावीस होतो, तीही हिंसाच, हे सांगायलाही ते विसरत नाहीत.

आता सगळ्यात अवघड भाग. तुमच्यापैकी अनेकांच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. तुम्ही गळ्यात तुळशीची माळ घातलीत. पण घरात रविवारी मटण असतं. सोलापुरात रविवार म्हणजे काय ते मी सांगायला नको. काळ्या मसाल्याचा वास जिन्यापर्यंत येतो, मामा-मामी आलेले असतात, आणि आई विचारते, ‘तुझ्यासाठी वेगळं काय करू?’ त्या प्रश्नात राग नसतो, थोडी दुखावलेली माया असते. आपल्या हातचं आता पोराला चालत नाही, असं तिला वाटतं.

इथे माउलींच्या अहिंसेचा दुसरा भाग उघडा. विनोद संपल्यावर ते खऱ्या अहिंसकाचं चित्र रंगवतात, आणि त्यात जेवणापेक्षा चालण्या-बोलण्याचंच जास्त आहे. बगळा पाण्यात पाय ठेवतो तो लाटही मोडणार नाही असा. भुंगा कमळावर बसतो तो परागही चुरगळणार नाही असा. मांजरी पिल्लाला दातांत धरून नेते, तेच दात, पण पिल्लाला त्यांचं टोक लागत नाही. त्या माणसाचं बोलणंही असंच, शब्दाच्या आधी स्नेह पोचतो. हात-पाय फक्त मनात असतं तेच करतात, म्हणून अहिंसा आधी मनात उतरली पाहिजे, असं ते शेवटी सांगतात.

मग आईला काय सांगायचं? ‘हे पाप आहे’ हे तर नक्कीच नाही. ज्या हाताने तुम्हाला वाढवलं त्या हातावर हा शब्द मारणं ही माझ्या मते ताटातल्या तुकड्यापेक्षा मोठी हिंसा आहे. ‘आई, मी भाकरी आणि ठेचा खातो, रस्सा करायच्या आधी त्याच मसाल्यात माझ्यासाठी मसूर टाकशील का? नाहीतर मीच करतो.’ हे वाक्य चालेल. त्यातही ‘मीच करतो’ हा भाग विशेषतः मुलग्यांनी लक्षात ठेवावा. अहिंसा तुमची आणि जास्तीची भांडी आईची, हे काही खरं नाही. सगळ्यांच्या पंगतीत बसा, शेजारी वाढलेल्या ताटाकडे तोंड वाकडं न करता बसा. वर्षभरात रविवारच्या मटणाबरोबर मसुराचं पातेलंही घरात रुळतं, आणि मामाही त्यातलं वाढून घेतात.

ज्यांनी माळ घातलेली नाही, आणि लगेच घालायचा विचारही नाही, त्यांच्यासाठीही या श्लोकात जागा आहे. आपल्या कितीतरी मांसाहारी घरांत श्रावण पाळतात, चातुर्मास पाळतात, सोमवार-गुरुवार पाळतात. कुणी त्याला हवामानाचं नाव दिलं नव्हतं, पण वर्षातले शंभरेक दिवस त्या घरांत मांस शिजत नाही. त्या दिवसांत अजून एक-दोन वार वाढवले, कोंबडीच्या जागी कधी उसळ आली, तरी ताटाचा भार उतरतो. सगळं किंवा काहीच नाही, असा हिशोब गीतेत नाही.

एक गोष्ट जाता जाता, नाहीतर प्रामाणिकपणा अपुरा राहील. आपल्या जिल्ह्यातलं पाणी कोण पितं, असं विचारलं तर पहिलं बोट मटणाकडे जाणार नाही, उसाकडे जाईल. बारा ते अठरा महिने शेतात उभं राहणारं, सतत पाणी मागणारं पीक, आणि कारखान्यांच्या संख्येत आपला जिल्हा राज्यात आघाडीवर. म्हणजे चहातली दोन चमचे साखर आणि सणाची मिठाई ही शाकाहारी असली तरी उजनीच्या पाण्याचा हिशोब तिलाही लागू आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावासाठी तलाव खोदला, स्वतः राबून, लोकांना बरोबर घेऊन. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाल तेव्हा अक्षता सोहळा बघा, गर्दीत फिरा, आणि एकदा त्या तलावाच्या काठी थोडा वेळ बसा.

आजच्यासाठी एवढा अभ्यास करा: ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढून अहिंसेच्या ओव्या सलग वाचा, अर्थासह. घाई करू नका, दोन दिवस लागले तरी चालतील. वाचताना जिथे हसू येईल तिथे खूण करा. मग या आठवड्यात तुमच्या घरी ज्वारी किती आली, डाळ किती आली, दूध-पनीर-मांस किती आलं, ते एका कागदावर लिहा. कुणाला दाखवायचं नाही.

उद्या याच श्लोकातला पुढचा शब्द घेऊ, क्षांती. म्हणजे सोसणं. रविवारच्या पंगतीनंतर तो लागेलच.

राम कृष्ण हरी.